घरची भाजी, बाजारची भाजी आणि धुण्याचं पाणी

पत्र थोडक्यात: अकोला जिल्ह्यातल्या खारपाण पट्ट्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरात सासू-सासरे, नवरा आणि दोन मुलं. वावरात कपाशी आणि तूर, धुऱ्याला (बांधाला) लागून घरापुरती वांगी, पालक, चवळी आणि सांबार (कोथिंबीर). श्रावणात चार वर्षांच्या धाकट्याला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी जाताना सांगितलं, भाजी-फळं नीट धुऊन देत जा. तेव्हापासून बाजारची भाजी त्या कपड्याच्या पावडरीच्या पाण्यात भिजवतात आणि मग तीनदा धुतात. वावरातली मात्र ‘घरचीच आहे’ म्हणून एकदा पाण्यातून काढतात. मोबाइलवर कुणी मीठ सांगतं, कुणी सोडा, कुणी लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट). नणंदेने साडेसहा हजारांचं ओझोनचं मशीन सुचवलं आहे. नळ आठवड्यातून एकदा येतो, बाकी दिवस बोअरचं खारं पाणी. सासरे म्हणतात, पाणी मुळात खारंच आहे, वेगळं मीठ कशाला? भाजीवर इतकं पाणी गेलेलं सासूबाईंना पाहवत नाही, भाजीला साबणाचा वास येतो म्हणतात, “आम्ही जन्मभर असंच खाल्लं, काही झालं नाही” म्हणतात आणि त्यावरून घरात रोज कुरबूर होते. मशीन घ्यावं का, सासूबाईंना कसं समजवावं, आणि मुलाला काकडी, जाम (पेरू) कच्चे द्यावेत की नाही, असं त्या विचारतात.

ताई,

धाकटा आता बरा आहे, अंगणात खेळतो आहे, हे वाचून जीव भांड्यात पडला. लेकराला तापाने फणफणताना पाहिल्यावर आई प्रत्येक घासाकडे संशयाने बघू लागते, त्यात तुमचं काही चुकत नाही. पण कपड्याची पावडर तेवढी आजपासून बंद करा. पालकाचं पान किंवा सांबाराची काडी म्हणजे स्टीलचं ताट नव्हे. पावडर पानाच्या खाचांत आणि कापलेल्या देठात शिरते, तीन पाण्यांनीही ती सगळी निघेल याचा भरवसा नाही आणि मग पोटात जाऊन मळमळ, जुलाब सुरू होतात. 2020 साली कोरोनाच्या भीतीने घरोघरी भाज्या साबणात बुचकळल्या जात होत्या, तेव्हा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही ताज्या भाजी-फळांना साबण किंवा जंतुनाशक लावू नका, असंच सांगितलं होतं. साबण हाताला लावायचा. भाजीला हात लावण्याआधी आणि संडासहून आल्यावर तो न चुकता लावलात, तर पावडरीने जे होईल असं तुम्हाला वाटत होतं त्यातलं बरंचसं होईल.

तुमचं पत्र वाचताना वाटलं की दोन वेगळ्या भीती तुमच्या मनात एकत्र झाल्या आहेत. एक जंतूंची, दुसरी फवारलेल्या औषधाची. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्हींवर उपाय एक नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ सगळा गोंधळ तिथेच करतात. सोड्याचं पाणी दाखवतात आणि म्हणतात, घ्या, भाजी शुद्ध झाली.

मुलाला झालेला टायफॉइड फवाऱ्याचा नव्हता. त्याचा जंतू माणसाच्या विष्ठेतून येतो. आजारी माणसाच्या किंवा बरा होऊनही जंतू बाळगून असलेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातांनी, गटाराजवळ मांडलेल्या भाजीने, आणि सगळ्यात जास्त पाण्याने तो पसरतो. नळ आठवड्यातून एकदा येतो तेव्हा मधले दिवस पाइप रिकामा पडलेला असतो. कुठे जोड फुटला असेल तर भोवतालचं घाण पाणी त्यात शिरतं. म्हणून नळ सुटल्यावर पहिलं गढूळ पाणी पिण्याच्या गुंडात भरू नका, ते अंगण धुवायला काढा. भाजीत काय टाकायचं हे तुम्ही खूप विचारलं आहे. ती कोणत्या पाण्याने धुता, हे माझ्या लेखी त्याहून मोठं आहे. पाण्यातच जंतू असतील तर स्वच्छ भाजीही त्या पाण्यात घाण होऊन निघते, मग मीठ टाका की सोडा.

सासऱ्यांना आदराने सांगा, बोअरचं पाणी खारं असलं तरी त्यातले क्षार जंतू मारण्याइतके नसतात. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी डाळ शिजू देत नाही, साबणाला फेस येऊ देत नाही, पण जंतूंना त्याची अडचण होत नाही. बोअर संडासाच्या शोषखड्ड्याजवळ असेल तर जास्तच जपा. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर वेळेवर पडते का, हे त्याला विचारा. हा तुमचा हक्क आहे, यात भांडण काही नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा आणि बोअरच्या पाण्याचा नमुना त्यांच्याकडे द्या. पिण्याच्या पाण्यात टाकायचं मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मागा. बाटलीवर लिहिले असतील तितकेच थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. ते मिळालं नाही तर पाणी उकळा. खदखदा उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, मग झाकून गार करायचं.

आता पाण्याच्या टंचाईचं बोलू. ‘वाहत्या नळाखाली धुवा’ हा सल्ला चांगलाच आहे, पण तो चोवीस तास नळ असलेल्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेला आहे. तुमच्या घरी थोड्या पाण्यात तेच काम तीन भांड्यांनी होतं. पालकाची जुडी घ्या. आधी मुळांकडचा मातीचा बुडखा कापून टाका आणि पिवळी, सडकी पानं निवडून बाजूला करा. मग जुडी पूर्ण सोडा. सुतळी जिथे आवळलेली असते तिथेच पानं एकमेकांना चिकटून चिखल धरतात, आणि जुडी न सोडता धुतली की तो तसाच राहतो. पहिल्या गंजात (पातेल्यात) बोअरचं पाणी चालेल. त्यात पानं बुडवून हाताने मोकळी हलवा आणि दोन मिनिटं सोडून द्या. माती तळाला बसते. मग पानं वरून ओंजळीने उचलून दुसऱ्या गंजात घाला. गंज चाळणीत उपडा करायचा नाही, कारण तसं केलं की तळाची सगळी माती पुन्हा पानांवर येते. बऱ्याच घरांत इथेच मेहनत वाया जाते. दुसऱ्या पाण्यातून तशीच उचलून तिसऱ्यात घाला. हे तिसरं पाणी पिण्याचंच असलं पाहिजे. मग चाळणीत निथळायचं आणि त्यानंतरच चिरायचं. चिरून धुतलं तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर जातात आणि घाण कापलेल्या भागात शिरते. शिजवायच्या भाजीचं तिसरं पाणी पुढच्या भाजीला पहिलं पाणी म्हणून वापरा, पहिल्या गंजातलं परसातल्या झाडांना घाला. सासूबाईंना पाण्याची जी काळजी वाटते ती रास्त आहे. या रीतीत पाणी वाया जाताना त्यांना दिसणार नाही.

बाजाराच्या दिवशी आणलेली सगळी भाजी एकदम धुऊन ठेवू नका. ओली राहिली की दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि ओलाव्यात जंतूही वाढतात. लागेल तेवढीच, लागेल तेव्हा धुवा. वांग्याच्या देठाची टोपी असते ना, तिच्या पाकळ्यांखाली फवाऱ्याची पांढरी भुकटी आणि किडे दोन्ही लपतात. ती टोपी काढून वांगं चोळून धुवा. गाजर, काकडी, जाम, टमाटर हातांनी चोळून धुवायचे. नुसतं बुडवून काढलं तर फारसं काही होत नाही, जे निघतं ते घासण्याने निघतं. टरबूज आणि संत्रा सोलून किंवा कापून खायचे असले तरी आधी वरून धुवा, कारण सालीवरची घाण सुरीने आणि बोटांनी आतल्या गरापर्यंत जाते. विळी आणि पाट धुतलेलेच हवेत, हे तुम्हाला सांगायला नको.

पत्ताकोबीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिच्यातला किडा डोक्यात जातो म्हणून कितीतरी घरांत ती बंद झाली आहे. त्यामुळे इथेच सांगते. कोबीत दिसणारी हिरवी अळी कोणाच्या मेंदूत जात नाही. मेंदूत गाठ करणारी असतात ती डुकराच्या फीतकृमीची अंडी. ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पोटात हा कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून ती माती-पाण्यात आणि तिथून कुठल्याही भाजीवर येतात. कोबीइतकीच ती सांबारावर किंवा मुळ्यावरही असू शकतात. लाल औषधाने किंवा क्लोरीनने ती मरतील याचा भरवसा नाही. नीट चोळून धुणं आणि शिजवणं हाच उपाय. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढा, फुलकोबीचे तुरे सुटे करून कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा म्हणजे अळ्या वर येतात, मग स्वच्छ पाण्याने धुऊन शिजवा आणि निश्चिंत खा. मिठाचा खरा उपयोग एवढाच.

आता घरच्या भाजीकडे येते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: “वावरातली एकदाच धुते, ती तर घरचीच आहे.” ताई, माझ्या मते तुमच्या घरात जपून धुवायची भाजी कोणती असेल, तर ती हीच. धुऱ्यालगतची वांगी आणि पालक कपाशीपासून किती पावलांवर आहेत ते बघा. कपाशीवर फवारा मारताना वारा भाजीकडे वाहत असेल तर पंप भाजीवर न धरताही औषध तिच्यावर येतंच. आणि कपाशीचं औषध भाजीसाठी नसतं. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 सालीच बंदी आली होती, कपाशीवर मात्र ते पुढेही कितीतरी वर्षं मारलं गेलं. बाजारातल्या भाजीवर कोणी काय मारलं हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. आपल्या वावरातल्या भाजीचं मात्र सगळं तुमच्या घरातल्या माणसाला ठाऊक आहे. म्हणून इथे धुण्यापेक्षा विचारणं जास्त कामाचं आहे.

मालकांना सांगा, फवारायच्या आधी घरची भाजी तोडून आणा, आणि फवारल्यावर डब्यावरच्या कागदात दिलेले दिवस भरेपर्यंत त्या बाजूची भाजी तोडू नका. हे दिवस प्रत्येक औषधाचे आणि प्रत्येक पिकाचे वेगळे असतात. कपाशीचे दिवस बघून पालकाचा अंदाज करता येत नाही. त्या औषधाच्या कागदावर पालकाचं नावच नसेल, तर तो पालक खाऊच नये, असं मी म्हणेन. जमलं तर पुढच्या हंगामात भाजीचे वाफे घरामागच्या परसात हलवा. चार वाफे पुरतात, सांडपाणी नाही पण भाजी धुतलेलं पाणी तिथेच जिरतं. तिथे शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, ताजं शेण पालेभाजीला घालू नका.

चिवळ, तरोटा, रानातली अंबाडी यांचंही असंच आहे. पावसाळ्यात निंदायला गेलेल्या बाया येताना ओटीत भरून भाजी आणतात. पूर्वी त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. आता कपाशी-सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं जातं, आणि ते मारलेल्या वावरात दोन दिवस चिवळ हिरवीगार दिसते. दुसऱ्याच्या वावरातून भाजी खुडायची तर आधी त्या कास्तकाराला विचारा. धुऊन ते निघेल या भरवशावर राहू नका.

काही औषधं पानावर, सालीवर बसून राहतात. ती पाण्याने आणि चोळण्याने बरीच कमी होतात. काही आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसात भिनतात, मग ती पानाच्या आणि फळाच्या आत असतात. ती सोड्याने, मिठाने, व्हिनेगरने, मशीनने, कशानेही बाहेर येत नाहीत. शिजवल्याने जंतू मरतात, पण प्रत्येक औषध उष्णतेने नाहीसं होतंच असं नाही.

सोड्याबद्दल मात्र खरी माहिती आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर वरच्या सालीवरची दोन औषधं साध्या पाण्यापेक्षा चांगली निघाली, सालीच्या आत शिरलेलं तेवढं राहिलं. प्रमाण होतं लिटरला 10 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे. बाजारातून आणलेली सफरचंद, द्राक्षं, वांगी, टमाटर यांना तुम्ही हे जरूर करा, फक्त नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. सोडा खाण्याचा हवा. किराणा दुकानात धुण्याचा सोडाही सुटा मिळतो आणि दिसायलाही तसाच पांढरा असतो. दोन्ही डबे जवळजवळ ठेवू नका, नाव लिहून ठेवा. लाल औषधाचे खडे तर घरातून काढूनच टाका. चिमूट जास्त पडली की कातडी भाजते, आणि चार वर्षांच्या मुलाने एखादा खडा तोंडात घातला तर तोंड-घसा पोळतो.

मशीन घेऊ नका. ओझोनने वरवरचे काही जंतू मरतात हे खरं आहे, पण घरगुती मशीनमधून तो किती येतो हे तुम्हाला-मला मोजता येत नाही, बंद खोलीत तो श्वासात गेला तर छातीला त्रास होतो, आणि भाजीत भिनलेलं औषध तो काढत नाही. त्याला वीज लागते आणि शेवटी धुवायला चांगलं पाणीही लागतंच. त्या पैशातला लहानसा हिस्सा खर्चून खाली तोटी असलेला, झाकणाचा एक ड्रम घ्या आणि ओट्याच्या उंचीवर ठेवा. त्यात पिण्याचं पाणी भरा. करंगळीएवढ्या धारेखाली फळ चोळून धुता येतं, मुलांना हातही धुता येतात, आणि पाण्यात सारखा तांब्या किंवा हात बुडवावा लागत नाही. नळ नसलेल्या घरात वाहतं पाणी असं आणता येतं.

ड्रम नवा घ्या. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण औषधाचे रिकामे प्लास्टिकचे डबे धुऊन पाण्याला वापरलेले मी कितीतरी अंगणांत पाहिले आहेत. फवाऱ्याची बकेट आणि भाजी धुण्याची बकेट तुमच्याकडे वेगळी आहे का? पंप कुठे टांगलेला असतो? कांद्याच्या टोपल्यावर तर नाही ना? 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. ते विष भाजीतून गेलं नव्हतं, कातडीतून आणि श्वासातून गेलं होतं. तुम्ही पालकाच्या पानावरच्या औषधाला भिता, आणि त्याहून कितीतरी पट जास्त औषध मालकांच्या सदऱ्यावर असतं. तो सदरा घरातल्या कपड्यांत पडतो आणि मुलगा धावत येऊन त्यांना बिलगतो. फवारून आल्यावर आधी अंघोळ, मग लेकराला जवळ घेणं. ते कपडे वेगळे धुवा, पंप आणि बकेट न्हाणीत धुऊ नका, औषधं उंचावर कुलपात ठेवा. मोकळे डबे भोकं पाडून निकामी करा म्हणजे कोणी पाण्याला वापरणार नाही.

राहिल्या सासूबाई. त्या ‘काही झालं नाही’ म्हणतात, पण त्यांच्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक घराने जुलाबाने, तापाने गेलेलं एखादं लेकरू पाहिलं आहे. वाद म्हणून हे त्यांच्यासमोर काढू नका. कधी निवांत बसल्या असतील तेव्हा त्यांच्याच भावंडांबद्दल विचारा, त्या स्वतःच सांगतील. त्यांच्या बोलण्यात खरेपणाही आहे. त्यांच्या तरुणपणी कपाशीवर इतके फवारे नव्हते, भाजी ताजी तोडून त्याच दिवशी शिजत होती, आणि शिजवलेल्या अन्नात जंतू टिकत नव्हते. त्यांना भाजी निवडायला आणि तीन गंजांचं काम बघायला सांगा. मातीने गढूळ झालेलं पहिलं पाणी समोर दिसलं की वेगळं समजवावं लागणार नाही. पावडर बंद झाल्यावर तुमच्या दोघींतला अर्धा वाद तसाही मिटेल, कारण भाजीला साबणाचा वास येतो ही त्यांची तक्रार खरीच होती.

मुलाला काकडी, जाम द्या. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तेवढे दिवस थांबा, त्याच्या पुढच्या खेपेला टायफॉइडच्या लशीबद्दलही विचारा. काकडी धुऊन साल काढून द्या, जाम तोटीखाली चोळून, त्याच्या समोर कापून. कच्चा सांबार काही दिवस त्याच्या ताटात वरून भुरभुरण्याऐवजी उकळत्या वरणात घाला. बाजारात कापून ठेवलेलं टरबूज आणि शाळेच्या फाटकाशी मीठ लावून विकली जाणारी बोरं मात्र नको. बोरं घरी आणा आणि धुऊन त्याच्या खिशात द्या.